कोयता, कामटी आणि कारागीर

माणसाचा पहिला पाळणा वेळूचा आणि शेवटची तिरडीही वेळूचीच, असे जुनी माणसे म्हणत. या दोन टोकांच्या मध्ये सूप, रोवळी, दुरडी, परडी, कणगी, हारा अशा कितीतरी रूपांनी वेळू आपल्या घरात वावरत असे. आज घरातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. तरीही वर्षातून एक दिवस असा येतो की त्याच्यावाचून मराठी माणसाचे अडते. तो दिवस म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा.

बँकेच्या सेवेत बदली होऊन दिल्लीस आलो, त्या पहिल्याच वर्षी हा अनुभव आला. रेशमी वस्त्र होते, तांब्याचा गडू होता, कडुनिंबाचा डहाळा तर दिल्लीत पावलोपावली मिळतो. साखरेच्या गाठीसुद्धा पुण्याहून कोणीतरी आणून दिल्या होत्या. नव्हती ती फक्त काठी. शेवटी पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर गुढी उभारली. गुढी उभी राहिली खरी, पण मन काही उभारी धरीना. पुढच्या वर्षी मात्र आधीच शोध घेतला आणि रस्त्याकडेच्या एका बांबूवाल्याकडे पोहोचलो. शिड्या, बल्ल्या आणि खिडक्यांच्या चिका असा त्याचा संसार पदपथावर मांडलेला होता. मी हाताला लागेल ती काठी उचलली. त्याने ती माझ्या हातून काढून घेतली, दुसरी निवडली, एक डोळा मिटून तिच्या टोकापर्यंत नजर लावली, कोयत्याच्या पाठीने दोन ठिकाणी ठोकून आवाज ऐकला आणि मगच ती माझ्या स्वाधीन केली. एका गुढीच्या काठीसाठी घेतलेले ते कष्ट पाहून वाटले, हे काम दिसते तितके सोपे नाही. त्या दिवसापासून राजधानीतील बांबूच्या कामाकडे मी जरा निरखून पाहू लागलो. जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

गवताच्या कुळातला उंच पुरुष

बांबू हा वृक्ष नव्हे, ते गवत आहे. जमिनीतून कोंब वर येतो तो आपली पुरती जाडी घेऊनच येतो, आणि एकाच हंगामात, दोन-तीन महिन्यांत, आपली संपूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो वाढत नाही, फक्त आतून पक्का होत जातो. म्हणून जाणकार कारागीर पहिल्या वर्षाच्या कोवळ्या वेळूला हात लावीत नाही, तीन वर्षांचा पक्व वेळू निवडतो. तोडही पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत करावी असा संकेत आहे. त्या काळात वेळूतील पिष्टमय अंश कमी असतो आणि त्यामुळे भुंगेऱ्याची कीड कमी लागते. तोडलेला वेळू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागील शास्त्रही हेच आहे. हल्ली त्यासाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण वापरतात.

या गवताचा खरा गुण त्याच्या घडणीत आहे. दोन गाठींमधल्या पेरात त्याचे सर्व तंतू उभे, एकमेकांशी समांतर असतात, आडवा तंतू जवळजवळ नसतोच. शिवाय हे तंतू बाहेरच्या पाठीकडे दाट आणि आतल्या पोटाकडे विरळ असतात. म्हणून वेळू करवतीने कापून लांब पट्ट्या काढण्याची आवश्यकता पडत नाही, तो फोडता येतो. कोयत्याचे पाते टोकावर बसवून लाकडी ठोकळ्याचा एक घाव दिला की चीर धावू लागते. कसब आहे ते चिरेला सरळ धावू देण्यात. वेळूचे नेहमी दोन सारखे भाग करायचे, मग त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन, असे चालते. चीर एका बाजूस सरकू लागली आणि एक भाग बारीक होऊ लागला, तर कारागीर जाड भाग अधिक वाकवतो आणि चीर आपोआप मध्यावर परत येते. मोजपट्टी नाही, रेषा नाही. दोन हातांना जाणवणारा ताण हेच त्याचे माप. अशा फोडलेल्या कामटीत तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतो, आणि म्हणूनच ती वाकते पण मोडत नाही. यंत्राच्या करवतीला तंतूची दिशा कळत नाही, कोयत्याला ती मानावीच लागते.

हत्यारे म्हणावीत तर इतकीच: एक कोयता, एक सुरी, लहानशी करवत, एक ठोकळा आणि कारागिराच्या पायाचा अंगठा. हो, अंगठासुद्धा. कामटी धरून ठेवणारा शेगडा किंवा पकड या घरात नसते, ते काम पायच करतो. अशी हत्यारे घडवणारे गाडिया लोहारही याच दिल्लीच्या पदपथांवर भाता पेटवून बसलेले दिसतात. चितोड पडल्यावर स्थिर घरात न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांना पुन्हा चितोडगडावर नेण्याचा समारंभ १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत झाला होता. बांबूवाला आणि लोहार, दोघेही रस्त्याच्या कडेला. शहर त्यांच्या अंगावरून धावत असते.

श्रावणातले आकाश

महाराष्ट्रात आणि गुजरातेत पतंग उडतात ते संक्रांतीला. दिल्लीत मात्र पतंगांचा खरा दिवस १५ ऑगस्ट. स्वातंत्र्यदिनी दुपारनंतर जुन्या दिल्लीच्या गच्च्यांवरचे आकाश रंगीबेरंगी होऊन जाते. त्याआधी काही दिवस लाल कुआँच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पतंग म्हटला की आपण कागदाकडे पाहतो, पण पतंगाचा प्राण त्याच्या दोन कामट्यांत आहे. मधली उभी कामटी हा त्याचा कणा, आणि आडवी, धनुष्यासारखी वाकवलेली ती कमान. कमान मध्यभागी किंचित जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळती तासावी लागते. दोन्ही बाजू सारख्याच वाकल्या पाहिजेत, एक बाजू थोडी जरी ताठ राहिली तर पतंग एका अंगाला झुकत राहतो. तासणारा कारागीर कमान बोटावर मध्यभागी तोलून पाहतो, टोके वाकवून पाहतो, सुरीने एखादा पातळ पापुद्रा काढतो आणि पुन्हा तोलतो. हे सारे अशा वस्तूसाठी, जी संध्याकाळपर्यंत कापली जाऊन कोणत्या तरी झाडात अडकणार आहे!

ततारपूरचे रावण

पश्चिम दिल्लीत टागोर गार्डन मेट्रो स्थानकाजवळ ततारपूर नावाची वस्ती आहे. भाद्रपद सरत आला की येथील रस्त्याच्या कडेला, मोकळ्या मैदानात आणि मिळेल त्या जागेत वेळूचे भारे येऊन पडतात. बांबू बहुतांशी आसामकडचा, आणि त्याची मोजणी चालते कोडीने. वीस नगांची एक कोडी. आपल्याकडील जुन्या बाजारातला हा शब्द राजधानीच्या रस्त्यावर ऐकून मला मौज वाटली. पुढील काही आठवडे ही वस्ती रावणांची होते. रावण, कुंभकर्ण आणि मेघनाद यांचे पुतळे येथे तयार होतात आणि दिल्लीच्याच नव्हे, तर आसपासच्या राज्यांतल्या रामलीलांनाही जातात. कारागिरांत उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान अशा निरनिराळ्या भागांतून हंगामापुरते आलेले पुष्कळ असतात. उरलेले वर्ष कोणी भाजी विकतो, कोणी रंगकाम करतो, कोणी मजुरी.

हे काम पाहण्यासारखे आहे. आधी वेळू फोडून लांब, लवचिक कामट्या काढतात. त्यांची गोल कडी करून तारेने बांधतात. कडी लहानमोठी करीत एकावर एक रचली आणि उभ्या कामट्यांनी जोडली की धड तयार होते. मस्तक वेगळे, धड वेगळे, पाय वेगळे, म्हणजे वाहनातून नेणे सोपे जाते. सांगाड्यावर जुन्या साड्यांचे कापड ताणून बसवतात, त्यावर खळ लावून कागद चिकटवतात, उन्हात वाळवतात आणि मग रंगीत कागदांची वस्त्रे व दागिने चढतात. शेवटी येतात डोळे आणि मिशा. रावणाचा दरारा मिशीत असतो, त्यामुळे ती रेखाटण्याचे काम बहुधा अनुभवी हाताकडेच असते. पुतळ्याचा भाव उंचीवर, फुटाच्या हिशेबाने ठरतो.

उंच पुतळा वाऱ्यात उभा राहतो, तो केवळ कामटीच्या गुणामुळे. लोखंडी सांगाडा जड झाला असता, लाकडी मोडला असता. पोकळ, हलका आणि वाऱ्याबरोबर किंचित डोलणारा हा वेळूचा सांगाडा पाहिला की पूल आणि इमारती बांधणाऱ्यांनाही थोडा वेळ थांबून विचार करावासा वाटेल.

आता या व्यवसायाची दुसरी बाजू पाहू. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची नजर तिकडे वळल्याशिवाय राहत नाही. बांबू, तार, कागद, कापड, मजुरांचा रोज आणि जागेचे भाडे हा सारा खर्च आधी होतो. काही मागण्या आगाऊ येतात, परंतु पुष्कळसा माल ग्राहक येईल या भरवशावर तयार होतो. मध्येच पाऊस आला तर कागद भिजून गळून पडतो आणि केलेले काम पुन्हा करावे लागते. मैदाने कमी झाली, फटाक्यांवर निर्बंध आले की उंच पुतळ्यांची मागणी घटते. २०२० साली करोनाच्या साथीत मोठे मेळावे झाले नाहीत आणि या वस्तीचा जवळजवळ अख्खा हंगाम वाया गेला. आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी, की हा माल एका तारखेला बांधलेला आहे. कापडवाल्याचे कापड उरले तर ते दिवाळीला खपते. धान्य उरले तर कोठारात राहते. परंतु विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी रावणाला गिऱ्हाईक नसते.

कार्तिकातले सूप

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद परिसरात स्थायिक झालेल्या लक्षावधी कुटुंबांचा हा सर्वांत मोठा सण आहे. चार दिवसांच्या या व्रतात मावळत्या आणि दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला अर्घ्य दिले जाते. ठेकुआ, ऊस, नारळ, केळी, हळदीचे रोप असा प्रसाद ज्यात मांडून पाण्यात उभे राहायचे, ते पात्र म्हणजे वेळूचे सूप. आणि हे सारे डोक्यावरून घाटापर्यंत नेण्याची मोठी टोपली, तिला दौरा म्हणतात. कोणी पितळेचे सूपही वापरतात, परंतु वेळूच्या सुपाचे स्थान अढळ आहे.

त्या आठवड्यात दिल्लीच्या बाजारांत सुपांच्या उतरंडी लागतात. एक सूप हाती घेऊन उलटसुलट पाहावे. पातळ, चपट्या कामट्यांची तिरकी वीण अशी घट्ट असते की तांदळाचा कणही खाली पडू नये, तरी कोंडा पाखडताना वारा खेळावा. तीन बाजूंना उभी कड, पुढची बाजू उतरती. पाखडणाऱ्या हाताच्या झोक्याला सोयीचा असा हा आकार कोणा एका संकल्पनकाराने आखलेला नाही, शेकडो पिढ्यांच्या मनगटांनी तो घडवला आहे. कडेला जाड कामटी दुमडून पक्की बांधली की सूप पुरे होते. बाहेरच्या पाठीची कामटी चिवट व गुळगुळीत, ती कडेला आणि ताणाच्या जागी लावतात. आतल्या पोटाची कामटी मऊ, ती भरणीला जाते. वेळूचा कोणताच भाग वाया जात नाही.

येथे एक गोष्ट मनाला स्पर्श करून जाते. उत्तरेत वेळू फोडून सूप विणणाऱ्या समाजांना शतकानुशतके गावकुसाच्या कडेला ठेवले गेले. पण सर्वांत कडक शुचितेने पाळल्या जाणाऱ्या व्रतात त्यांच्याच हातचे पात्र सूर्यापुढे धरले जाते. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? मराठी लग्नात ऐरणीदान होते, तेव्हा वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती वरपक्षाच्या मंडळींच्या मस्तकी धरतात. संस्कृतात वंश म्हणजे वेळू आणि वंश म्हणजे कूळही. कुळाचे मंगल ज्याच्या विणीतून मागायचे, तो बुरुड मात्र मांडवाबाहेर टोपल्यांचे पैसे मिळण्याची वाट पाहत उभा असे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणनगरीत मेदार केतय्या नावाचे शरण वेळूकाम करून उदरनिर्वाह करीत. त्यांना शरणांच्या मेळ्यात मानाचे स्थान होते. महाराष्ट्रातील बुरुड समाज त्यांचे स्मरण आजही आदराने करतो.

मेळघाट ते दिल्ली

बांबूच्या कामात महाराष्ट्राचे स्थान लहान नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा मानवेल, कोकणातला जवळजवळ भरीव असा माणगा आणि काटेरी कळक या जाती आपल्याला परिचित आहेत. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूचा ध्यास घेतला आणि 'वेणुभारती' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या प्रेरणेतून सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने मेळघाटातील धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. कोरकू व इतर आदिवासी तरुणांच्या आणि पारंपरिक बुरुडांच्या हाती सुधारलेली हत्यारे आणि नवे आकार देऊन घरे, फर्निचर, शोभेच्या वस्तू त्यांनी तयार करविल्या. या केंद्राच्या बांबूच्या राख्या दूरवर पोहोचल्या. २०२१ साली करोनाने सुनील देशपांडे यांना ओढून नेले. पण त्यांनी लावलेले बेट वाढते आहे. कोकणात कुडाळचे कॉनबॅक, चंद्रपूरजवळ चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र याही संस्थांचा येथे उल्लेख केला पाहिजे.

अशा कारागिरांना राजधानीत दोन मोठी व्यासपीठे आहेत. पहिले फरिदाबादचा सूरजकुंड मेळा. १९८७ पासून फेब्रुवारी महिन्यात भरणाऱ्या या मेळ्यात २०१९ साली महाराष्ट्राला मुख्य राज्याचा मान होता. दुसरे व्यासपीठ म्हणजे आयएनए येथील दिल्ली हाट. १९९४ साली सुरू झालेल्या या बाजारात कारागिरांना ठरावीक दिवसांसाठी आळीपाळीने गाळे मिळतात. मधला दलाल वगळून ग्राहक आणि कारागीर समोरासमोर यावेत, हा त्यामागील हेतू. ३० एप्रिल २०२५ च्या रात्री तेथे आग लागली आणि अनेक गाळे मालासह खाक झाले. पंधरवड्याच्या विक्रीसाठी वर्षभराची मेहनत गाठोड्यात बांधून आलेल्या माणसाच्या दृष्टीने अशा एका रात्रीचा अर्थ काय, हे वेगळे सांगावयास नको. मालाच्या विम्याचा विषय कारागिराच्या घरात क्वचितच निघतो. तो निघावयास हवा.

ज्यांना ईशान्येची वेळूची घरे पाहावयाची आहेत, त्यांनी प्रगती मैदानाजवळच्या राष्ट्रीय शिल्प संग्रहालयात अवश्य जावे. १९५६ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी आखली. तिच्या आवारातील ग्रामसंकुल मुळात १९७२ च्या एका प्रदर्शनासाठी उभारलेले होते. आणि अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात त्रिपुरातील बांबूची जमीन बसविली आहे आणि सागवान नागपूरचे आहे. यंत्राने दाबून, तासून घडवलेला बांबू लोकशाहीच्या मंदिरात गेला. हाताने फोडलेला अजून पदपथावरच आहे.

गवत असून वृक्ष

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण नव्वद वर्षे आपल्या कायद्याने या गवताला वृक्ष मानले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येत ताड, वेत यांच्याबरोबर बांबूचाही समावेश होता. परिणाम असा, की शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर वाढवलेला बांबू तोडण्यासाठी आणि नेण्यासाठीही परवान्यांची कटकट मागे लागे. त्यामुळे शेतकरी लावीना आणि कारागिराला सहज मिळेना. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा आपल्या जंगलातला बांबू आपण विकण्याचा अधिकार त्या गावाने प्रत्यक्षात उपभोगला. पुढे २०१७ साली अधिनियमातील व्याख्येतून बांबू वगळण्यात आला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू मोकळा झाला. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बांबू अभियानाची २०१८-१९ मध्ये नव्याने रचना झाली. कच्च्या मालाची वाट अशी हळूहळू सुकर होत आहे. प्रश्न उरतो तो भांडवलाचा.

एक जुनी आठवण

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिल्लीत येण्यापूर्वी कित्येक वर्षे, महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मी शाखेत कर्जविभाग पाहत असे. फाल्गुनातल्या एका दुपारी एक बुरुड गृहस्थ आले. पुढे लग्नसराई होती. बांबूची एक खेप रोखीने घ्यावयाची होती, त्यासाठी आठ हजार रुपये हवे होते. तारण काय, असे मी विचारले. त्यांनी आपले दोन्ही तळहात पुढे केले. ते विनोदाने नव्हे. कामट्यांच्या चिरांनी भरलेले ते तळहात मला आजही दिसतात. मी त्यांना कागदपत्रांची यादी दिली. ते नमस्कार करून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

मे महिन्यात आठवड्याच्या बाजारात ते दिसले. ढीगभर टोपल्या त्यांच्यासमोर होत्या, पण त्या त्यांच्या नव्हत्या. व्यापाऱ्याने बांबू उधार दिला होता आणि त्या मोबदल्यात तयार माल त्यानेच ठरवलेल्या भावाने घेतला होता. ते त्याच्या मालाची विक्री करीत बसले होते. चूक माझी नव्हती, नियमाप्रमाणेच मी वागलो होतो. पण त्या हंगामाचा नफा कोणाच्या घरी गेला आणि का गेला, हेही मला ठाऊक होते. ततारपूरच्या रस्त्यावर उभा असताना मला तेच गृहस्थ आठवत राहिले.

आज ते आले असते तर मी काय सांगितले असते? २०१५ साली मुद्रा योजना आली. तिच्या शिशु गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीतल्याच द्वारका येथे प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचा आरंभ झाला. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि टोपल्या व चटया विणणाऱ्यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रातून होते. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य अशी तिची रचना आहे. त्यानंतर पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. पहिल्या टप्प्याची परतफेड अठरा महिन्यांत, दुसऱ्याची तीस महिन्यांत.

योजना आहेत हे खरे, तरी दोन गोष्टी ध्यानी घेतल्या पाहिजेत. रावण घडवणाऱ्याचा त्या अठरांत नावाने उल्लेख नाही. आणि हंगामी कारागिराला वर्षभर एकसारखा हप्ता भरणे जड जाते. त्याची मिळकत दोन महिन्यांत येते आणि दहा महिने पुरवावी लागते. कर्ज घेताना कारागिराने आणि ते देताना आपण, दोघांनीही त्याचे पंचांग समोर ठेवावे. दसऱ्याचे पैसे छठच्या सुपात, छठचे पैसे लग्नसराईच्या टोपल्यांत आणि त्यातली थोडी बचत श्रावणातल्या पतंगांसाठी, असे चक्र जमवता आले तर एकाच कोयत्यावर बारा महिने चालू शकतील. आणि विक्रीचे पैसे थोडे थोडे का होईना, खात्यातून फिरत राहिले, तर पुढच्या वेळी तारण म्हणून तळहात दाखवण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. व्यवहाराची नोंद हेच त्याचे तारण होईल.

आपल्या हाती काय?

ग्राहकमित्रहो, आपणही यात थोडा वाटा उचलू शकतो. वेळूची वस्तू घेताना गाठींजवळ चीर नाही ना, कामट्यांवर पिवळसर भुकटी नाही ना, एवढे पाहावे. भुकटी दिसली तर आत कीड आहे असे समजावे. घरी आणल्यावर वस्तू ओलसर जागी ठेवू नये आणि पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवावे. चांगले विणलेले सूप वर्षानुवर्षे टिकते. आणि भाव करताना एवढे ध्यानी असू द्यावे, की प्लास्टिकच्या टोपलीच्या किमतीशी आपण ज्याची तुलना करतो, त्यात एका माणसाचा किंवा बहुधा एका बाईचा अर्धा दिवस विणलेला असतो. आपल्या परिसरात असा कारागीर असेल, तर त्याला या योजनांची माहिती द्यावी आणि शक्य झाल्यास एकदा त्याच्याबरोबर शाखेपर्यंत यावे. पहिली पायरी चढणे हेच त्याला सर्वांत अवघड जाते.

गेल्या पाडव्याला पुन्हा त्या पदपथावर गेलो होतो. त्याने मला ओळखले. काठी निवडताना तोच एक डोळा मिटणे, तीच ठोकून पाहणे. मी न विचारता पैसे पुढे केले. त्याने मोजले आणि दहा रुपये परत दिले, कारण मी जास्त दिले होते. पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली. काठी दाराआड उभी करून ठेवली आहे. पुढच्या वर्षी ती चालेल, पण मी जाईन नवी आणायलाच.